घराची कड

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे ‘आजचे घर आणि त्याच्या शैली’. शैलींची नावे तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक असतील. मिनिमल, स्कँडिनेव्हियन, जपांडी, इंडस्ट्रियल, बोहो. नवीन फ्लॅट घेतलेली जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये या सगळ्यांचे फोटो साठवून आणतात. पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाचे फर्निचर, जमिनीपासून छतापर्यंत काच. फोटो सुंदर असतात, आणि त्यांना ते आवडले यात काहीच गैर नाही. मी एवढेच विचारते, की या खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतेय?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वीडनमधले स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो आणि दिवस सहा तासांत संपतो. त्या लोकांना उजेडाचा थेंब न थेंब घरात ओढून घ्यावा लागतो आणि भिंतीभिंतींवरून फिरवावा लागतो. म्हणून पांढरा रंग, म्हणून फिके लाकूड, म्हणून मोठी काच. त्यांची शैली त्यांच्या गरजेतून आली आहे आणि ती अगदी योग्य आहे. आता पुण्याकडे या. आपण साडेअठरा अंशांवर. त्याच डिसेंबरात आपला दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि मेच्या मध्यावर तो चक्क डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुले मैदानात काठी रोवून बघतात, तोच. उजेड आपल्याला हवा तेवढा आहे. आपल्याला अडवायचा आहे तो ताप.

म्हणून मी आज घराच्या कडेबद्दल बोलणार आहे. खोलीची भिंत संपते आणि उघडे आकाश सुरू होते, त्यांच्या मधले चार-सहा फूट. आपल्याकडच्या घराची शैली तिथे ठरते असे माझे ठाम मत आहे. सोफ्याचा रंग नंतर ठरवता येतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईत उभे आहे. कंबाला हिलवरची कांचनजंगा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची इमारत, १९८३ साली पूर्ण झालेली. २८ मजले आणि फ्लॅट फक्त ३२. पेडर रोडने जाताना तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. उंच चौकोनी मनोरा आणि कोपऱ्यांतून मोठमोठे तुकडे कापून काढल्यासारखे दिसणारे, दोन-दोन मजले उंचीचे गच्चीवजा कोपरे.

ते कोपरे शोभेसाठी काढलेले नाहीत. मुंबईत घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवले तर समुद्राचा वारा मिळतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर, दोन्हीकडे नजर पोहोचते. पण त्याच पश्चिमेकडून दुपारनंतरचे ऊन येते आणि पावसाळ्यात आडवी सरही तिकडूनच येते. म्हणजे जे हवे ते आणि जे नको ते, एकाच दारातून! जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर शोधले होते. राहण्याच्या खोल्या आत ठेवायच्या आणि भोवती व्हरांडा गुंडाळायचा. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात अडतात, वारा आत येतो. कोरियांनी हा व्हरांडा उचलून २८ मजल्यांच्या इमारतीत नेला. कोपरा एवढा मोठा कापायचा तर भार कसा पेलायचा, हा अवघड प्रश्न अभियंते शिरीष पटेल यांनी संरचनेत सोडवला. चाळीस वर्षे होऊन गेली, तरी मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये हवामानाचा इतका सरळ विचार केलेली दुसरी इमारत मला पटकन सांगता येत नाही. आणि याचे मला वाईट वाटते. कारण ही श्रीमंतांची इमारत असली तरी तिच्यातली युक्ती श्रीमंतांची नव्हती.

ती आपल्या सगळ्यांची होती. कोकणातल्या चिऱ्याच्या घराला पुढे ओटी आणि बाजूने पडवी. कौलांचा उतार इतका खाली आणलेला, की उंच माणसाला वाकून आत यावे लागते, आणि तो उतरता पाखा भिंतीला पाऊस लागू देत नाही. गोव्यात दारापुढे बसायचा बल्कांव. देशावरच्या वाड्यात हीच कड उलटी होऊन आत आली. मध्ये चौक आणि भोवती ओसरी. मराठवाड्यात, विदर्भात हवा कोरडी, तिथे जाड भिंती आणि माळवद. दिवसा दारे-खिडक्या लोटून घ्यायच्या, रात्री उघडायच्या आणि गच्चीवर झोपायचे. कोकणात असे करून चालणार नाही, तिथे वारा सतत खेळता हवा. म्हणजे महाराष्ट्रासाठीसुद्धा एक शैली पुरत नाही.

शहरात आल्यावरही कड लगेच सुटली नाही. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. तिथल्या आणि शिवाजी पार्कभोवतीच्या तीन-चार मजली इमारती बघा. गोलाई घेतलेली गॅलरी, खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा. ती आर्ट डेको शैली परदेशातून आली, पण इथे आल्यावर तिने छज्जा धरला. मरीन ड्राइव्हच्या बाजूचा तसा समूह २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. बाहेरची शैली घ्यायला माझा विरोध का नाही, ते या इमारतींवरून कळेल.

छज्जा ही फार हुशार वस्तू आहे, तिच्यावर दोन मिनिटे घेते. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा धरा. डिसेंबरच्या दुपारी तो खिडकीचा वरचा अर्धा भाग झाकतो आणि खालच्या अर्ध्यातून कोवळे ऊन घरात येते. एप्रिलच्या दुपारी सूर्य वर चढलेला असतो, तेव्हा पूर्ण खिडकी सावलीत जाते. ना बटण, ना वीज. आता तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावा. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य पंचवीसेक अंशांवर असतो. छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या फूटभर भागावर पडते, बाकीची खिडकी तापते. पश्चिमेला छज्जाने भागत नाही. तिथे खोल गॅलरी हवी, उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, नाहीतर झाड हवे. नव्या इमारतींत मात्र चारही बाजूंना एकच खिडकी आणि एकच काच लावलेली दिसते. नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढलेला असतो, पण खिडक्यांपर्यंत तो पोहोचलेला नसतो.

कड गेली कशी? मुंबईत पूर्वी बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणाऱ्या क्षेत्रात, मोजत नसत. लोकांनी त्या बंद करून खोलीत घेतल्या. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील तर मुलाच्या अभ्यासाचे टेबल बाल्कनीतच जाणार. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पुढे फ्लॉवर बेड, कोनाडे अशा नावांखाली मोकळे क्षेत्र दाखवायचे आणि खोली म्हणून विकायचे, हेही सुरू झाले. ते रोखण्यासाठी जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड हे सगळे चटईक्षेत्रात धरले जाऊ लागले आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवे तसे वापरता येणारे जादा, चटईक्षेत्र मिळाले. गैरप्रकाराला आळा बसला, पण बाल्कनीचा फूट आणि खोलीचा फूट एकाच मापाने मोजला जाऊ लागल्यावर बाल्कनी कोण बांधणार? भिंत सपाट झाली. त्यात सरकती अॅल्युमिनियमची खिडकी आली. दोन झडपांची खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. जुनी लाकडी खिडकी सताड उघडायची, वरची आणि खालची झडप वेगवेगळी. खालची लावून वरची उघडी ठेवली की आडोसाही राही आणि गरम हवा वरून निघूनही जाई.

कड फक्त श्रीमंतांना परवडते, असे कोणी म्हणाले तर मी त्यांना नवी मुंबईत बेलापूरला जाऊन या म्हणते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी कोरियांनीच १९८३ ते ८६ या काळात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत केली. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. प्रत्येक घर सुटे, प्रत्येकाला स्वतःचे अंगण. सात घरांमध्ये मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक, आणि असे तीन गट एकत्र येऊन त्यांच्यामध्ये आणखी मोठा चौक. साध्या भिंती, उतरती छपरे, गवंड्याला सहज बांधता येईल आणि मालकाला पुढे वाढवता येईल असे. लोकांनी वाढवलेही. आज तिथली पुष्कळ मूळ घरे पाडून त्यांच्या जागी स्लॅबची दोन-तीन मजली घरे आली आहेत. काहींना हा त्या प्रकल्पाचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. घरे बदलली, पण मधले चौक टिकले आहेत. मुलांना खेळायला तीच जागा आहे.

अलीकडचे एक उदाहरण अलिबागजवळ नांदगावला आहे. स्टुडिओ मुंबईचे वास्तुविशारद बिजॉय जैन यांचे पामायरा हाउस, २००७चे. नारळाच्या बागेत दोन लांबट लाकडी पेट्यांसारखे भाग आणि त्यांच्या बाजूंना ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या. वारा आरपार जातो, ऊन चाळून येते. हे सुट्टीचे घर आहे, ते शहरात जसेच्या तसे आणता येणार नाही. पण पट्ट्यांची खिडकी आणता येते, आणि आपले सुतार ती उत्तम करतात.

आता घराच्या आत येऊ, कारण तुमच्यातले बरेच जण त्यासाठी आले आहेत. पहिले, फॉल्स सीलिंग. नऊ-सव्वानऊ फुटांच्या खोलीत पीओपीचे छत खाली आणले की पंखा त्याला चिकटतो. पात्यांच्या वर फूटभर मोकळी जागा नसेल तर पंख्याला वरून हवा ओढता येत नाही, तो नुसता फिरतो. वायरी झाकायला भिंतीच्या कडेने पट्टा करा, पंख्याच्या वर छत उघडे ठेवा. दुसरे, पश्चिमेच्या भिंतीला कपाट. तापलेल्या भिंतीची धग कपाट अडवते, पलंग तिथे लावू नका. मात्र मुंबई-कोकणात पावसाची बाजू असेल तर प्लाय भिंतीला टेकवू नका; दोन इंच फट ठेवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात मागे बुरशी धरते. तिसरे, पडदा. काचेच्या आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, तोवर ताप आत आलेला असतो. चिक बाहेर लावा, बांबूची किंवा वाळ्याची. फरशीबाबत मी हट्टी आहे: शहाबादी, कोटा, मोझेक, यांना जुनाट म्हणून काढू नका. चकचकीत पांढरी व्हिट्रिफाइड टाइल खिडकीतले ऊन तुमच्या डोळ्यांत फेकते.

आणि शेवटी, ज्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत त्यांच्याशी बोलायचे आहे. सभेत चर्चा एकाच आकड्यावर होते, किती फूट जास्त मिळणार. रेरा या घरबांधणीवरच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात बाल्कनी धरत नाहीत, म्हणून त्या आकड्यात ती दिसतच नाही. तुम्ही स्वतःहून विचारा. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे? ती किती खोल आहे? तीन फुटी बाल्कनीत फक्त कपडे वाळतात. दोघांनी खुर्च्या टाकून बसायचे आणि तिसऱ्याने मागून जायचे, तर साडेपाच-सहा फूट लागतात. खिडकी सरकती आहे की पूर्ण उघडणारी? पश्चिमेच्या खिडकीवर काय आहे? या चारही प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नका, करारनाम्यात आणि नकाशावर मापांसकट लिहून घ्या. नकाशे महापालिकेत दाखल होण्यापूर्वी एखाद्या वास्तुविशारदाला सोसायटीतर्फे दाखवा. मंजुरीनंतर भिंत फूटभर हलवायलासुद्धा महिने जातात, आणि तोवर तुमची जुनी इमारत पाडलेली असते.