बलयुग्म: न ढकलता फिरवणारी जोडी

नमस्कार. गाडीच्या चाकाचा नट सोडवण्यासाठी वापरले जाणारे दोन पाने माझ्यासमोर आहेत. एक काटकोनात वाकवलेला, एका दांड्याचा. दुसरा अधिकच्या चिन्हासारखा, चार हातांचा.

पहिल्याचा दांडा 40 सेंटिमीटर लांब आहे. त्याच्या टोकावर मी 250 न्यूटन, म्हणजे सुमारे 25 किलो वजनाइतके बल काटकोनात खाली लावले, तर नटाभोवतीचे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवण्याचा प्रभाव (बल गुणिले अंतर), 250 गुणिले 0.4, म्हणजे 100 न्यूटन-मीटर भरते. दुसऱ्या पान्याची एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतची लांबीही 40 सेंटिमीटरच आहे. एका हाताने वर ओढत आणि दुसऱ्याने खाली दाबत प्रत्येकी 250 न्यूटन बल लावले, तरी आघूर्ण तेवढेच, 100 न्यूटन-मीटर, कारण प्रत्येक हात नटापासून 20 सेंटिमीटरवरच आहे. मग दुप्पट जोर लावून मिळवले काय?

पहिल्या पान्याने नट फिरतो, पण त्याच वेळी 250 न्यूटनचे बल त्याला खालीही दाबत असते. ते बोल्टला सोसावे लागते आणि पाना नटावरून निसटू पाहतो. दुसऱ्या पान्यात दोन्ही बलांची ढकल एकमेकांना रद्द करते आणि उरतो तो निव्वळ पीळ. समान, समांतर, विरुद्ध दिशेच्या आणि एका रेषेत नसलेल्या अशा दोन बलांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात.

या जोडीचा एक गुण मला फार सुंदर वाटतो. आघूर्ण नटाभोवती न मोजता पान्याच्या उजव्या टोकाच्याही पलीकडे 1 मीटरवर असलेल्या बिंदूभोवती मोजा. लांबचे बल 250 गुणिले 1.4, म्हणजे 350 देते. जवळचे बल उलट दिशेने 250 देते. वजाबाकी पुन्हा 100. बिंदू कोणताही निवडा, उत्तर बदलत नाही. एकट्या बलाचे आघूर्ण मात्र बिंदूनुसार बदलते.

फ्रेंच गणिती लुई प्वँसो यांनी 1803 मध्ये बलयुग्माचा सिद्धान्त मांडला. केंद्रापासून दूर लावलेले एकटे बल म्हणजे केंद्रावर लावलेले तेवढेच बल अधिक एक बलयुग्म, असे त्यातून दिसते. आपले जातेच पाहा. खुंटा कडेला एकच असतो, तरीही वरची तळी सरकून जात नाही, कारण मधला खिळा हाताच्या जोराला उलट बल देतो आणि जोडी पूर्ण करतो. दळणारीला ते दुसरे बल दिसत नाही. खिळा झिजतो तो त्यामुळेच.

आता घरी करण्याजोगा प्रयोग. सुईवर चुंबक एकाच दिशेने पुष्कळ वेळा घासा, ती बुचाच्या पातळ चकतीवर ठेवा आणि पाण्याने भरलेल्या परातीच्या मध्यभागी अलगद तरंगू द्या. सुई वळून उत्तर-दक्षिण स्थिरावेल, पण उत्तरेकडे प्रवास करणार नाही. लंडनमधील होकायंत्र बनवणारे रॉबर्ट नॉर्मन यांनी 1581 मध्येच ही गोष्ट नोंदवली होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुईच्या दोन्ही टोकांशी जवळजवळ सारखेच असते; त्यामुळे एका टोकावरील ओढ आणि दुसऱ्यावरील उलट ओढ समान राहते, आणि सुईवर काम करते ते केवळ बलयुग्म.

मग चुंबक परातीच्या काठाशी आणा. आता जवळच्या टोकावरचे बल लांबच्या टोकावरील बलापेक्षा जास्त होते, जोडीतील समानता मोडते, आणि सुई वळता वळता चुंबकाकडे तरंगत येऊ लागते.