टेट्राहायड्रोबायोप्टेरिन : यकृतात गुणकारी, धमनीत निष्प्रभ

डाळीतली, दुधातली, अंड्यातली प्रथिने पचली की त्यांतून फेनिलॲलनीन हे अमिनो आम्ल सुटे होते आणि यकृतातले एक विकर त्याचे टायरोसीन बनवते. मात्र या विकराला सोबत लागतो तो टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा छोटा रेणू, जो आपले शरीर स्वतःच तयार करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमोर कॉफमन यांनी १९६३ मध्ये उंदराच्या यकृतावर काम करताना त्याचा छडा लावला.

हे विकर जन्मतःच सदोष असेल, तर फेनिलॲलनीन रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. या विकाराला फेनिलकीटोन्युरिया म्हणतात. कित्येक दशके त्यावर एकच उपाय होता, तो म्हणजे प्रथिने मोजूनमापून देणारा, आयुष्यभर पाळायचा आहार. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी असे काही रुग्ण नोंदवले, ज्यांच्यात दोष विकराचाच होता, तरीही हा रेणू वरून दिल्यावर त्यांच्या रक्तातले फेनिलॲलनीन उतरले. जादा सोबत मिळाली, तर काही सदोष विकरे सावरतात, असा याचा अर्थ होता.

'काही' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सॅप्रॉप्टेरिन या नावाने तयार केलेले औषध सुरुवातीला सुमारे ४९० रुग्णांना आठ दिवस देऊन पाहिले, तेव्हा त्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यातच फेनिलॲलनीन तीस टक्के किंवा अधिक घटले. पुढची सहा आठवड्यांची चाचणी अशा निवडलेल्या रुग्णांवरच झाली आणि तिच्या आधारे डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. माझ्या मते या यशाचे निम्मे श्रेय त्या निवडीला आहे.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही या रेणूवर विसंबणारे एक विकर आहे. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. रेणू कमी पडला, तर तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा घातक पदार्थ सोडू लागते, ज्याच्या माऱ्याने उरलासुरला रेणूही ऑक्सिडीकरण होऊन निकामी होतो आणि बिघाड आणखी वाढतो. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांच्या हाताच्या धमनीत हा रेणू थेट सोडला, तेव्हा अस्तराचे काम सुधारले. साहजिकच, हृदयरोगावर गोळी मिळेल अशी आशा निर्माण झाली.

ती ऑक्सफर्डच्या चाचणीत टिकली नाही. धमनीविकार असलेल्या ४९ जणांना दोन ते सहा आठवडे, रोज ४०० किंवा ७०० मिलिग्रॅम औषध अथवा औषधविरहित गोळी देण्यात आली. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. रक्तातली पातळी वाढली होती, परंतु सोबत ऑक्सिडीकरण झालेले निकामी रूपही तितकेच वाढले होते, त्यामुळे दोहोंचे प्रमाण जागचे हलले नाही आणि रक्तवाहिन्यांच्या कार्यात फरक पडला नाही. बायपास शस्त्रक्रियेत काढलेल्या वाहिन्यांचे तुकडे तपासल्यामुळे अपयशाचे कारणही हाती आले, आणि हे फार थोड्या फसलेल्या चाचण्यांच्या बाबतीत घडते.

त्याच गटाने २००६ मध्ये दाखवले होते की फोलेटचे सक्रिय रूप दिल्यास वाहिनीतला हा रेणू निकामी होण्यापासून वाचतो. म्हणजे धमनीत प्रश्न पुरवठ्याइतकाच राखणीचा आहे. २०२५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळालेले सेपियाप्टेरिन पेशींत शिरून मग या रेणूत बदलते. पण ती मान्यताही फेनिलकीटोन्युरियापुरतीच आहे.