हायड्रोजनमध्ये एक न्यूट्रॉन वाढला की काय होतं

नमस्कार मंडळी. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय की अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या आणि अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन, मग पुस्तकात एक छोटासा तक्ता येतो, प्रोटियम, ड्यूटेरियम, ट्रिटियम, अणुअंक तिघांचाही 1 आणि वस्तुमानांक 1, 2, 3, झाला दोन मार्कांचा प्रश्न, चला पुढचा धडा. मला आज त्या तक्त्यापाशीच थांबायचंय.

आधी अणुअंक. 1913 पर्यंत हा आकडा म्हणजे आवर्तसारणीत कोण कितव्या घरात बसलंय एवढंच होतं. मग मँचेस्टरला पंचविशीतल्या हेन्री मोस्लेने एकेका मूलद्रव्यातून निघणारे एक्स-रे मोजायला घेतले, तर घर एकने पुढे गेलं की त्या एक्स-रेच्या वारंवारितेचं वर्गमूळ अगदी ठरल्या पायरीने वाढत होतं. म्हणजे तो नुसता घराचा क्रमांक नव्हता, अणुकेंद्रकावर किती धनप्रभार आहे ते तो सांगत होता. कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड असूनही निकेलच्या आधी का येतो याचं उत्तरही तिथेच मिळालं, कोबाल्ट 27, निकेल 28, वजनाचा संबंधच नाही. हा मोस्ले 1915 मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, फक्त 27 वर्षांचा होता. आजही वाईट वाटतं हो.

तर मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉन ठरवतात आणि न्यूट्रॉन फक्त वजन वाढवतात, म्हणूनच पुस्तक म्हणतं की समस्थानिकांचे, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंचे, रासायनिक गुणधर्म सारखे असतात. बहुतेक ठिकाणी हे चालून जातं. कार्बन 12 चा 13 झाला तर वजन साधारण 8 टक्क्यांनी वाढतं, युरेनियम 235 आणि 238 मध्ये फरक जेमतेम सव्वा टक्का. पण हायड्रोजनच्या केंद्रकात मुळात एकटा प्रोटॉन, त्यात एक न्यूट्रॉन आला की वजन थेट दुप्पट! एवढा फरक कसा लपणार?

हॅरॉल्ड युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1931 मध्ये हेच धरलं. द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडून जाऊ द्यायचा, हलका आधी जातो, शेवटी थोडासा उरतो त्यात जड जास्त, मग त्याच्या वर्णपटात नेहमीच्या रेषेशेजारी दुसरी फिकट रेष शोधायची. ती सापडली, तेच ड्यूटेरियम. आणि गंमत बघा, तेव्हा न्यूट्रॉनचा शोधच लागलेला नव्हता, चॅडविकचा न्यूट्रॉन आला 1932 मध्ये. युरीला 1934 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

ड्यूटेरियम निसर्गात फार थोडं, समुद्राच्या पाण्यात साधारण 6,400 हायड्रोजनमागे एक. पण ते वेगळं काढून पाणी केलं तर ते जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे 11 टक्के जड, गोठतं 3.8 अंशांना, उकळतं 101.4 ला, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. गिल्बर्ट लुईसने 1933 मध्ये तंबाखूचं बी शुद्ध जड पाण्यात ठेवून बघितलं, ते उगवलंच नाही. गुणधर्म सारखे म्हणणाऱ्यांनी हे बी लक्षात ठेवावं.

आता आपल्या तारापूरला या. पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या, तिसरी-चौथी जड पाण्यावर, एकाच आवारात. युरेनियम फुटताना निघालेला न्यूट्रॉन फार वेगात असतो, तो हळू झाला तरच पुढचं युरेनियम 235 सहज फोडतो, म्हणून त्याला हळू करायला पाणी लागतं, पण साध्या पाण्यातला प्रोटॉन कधीकधी तो न्यूट्रॉनच गिळून टाकतो आणि स्वतः ड्यूटेरियम होऊन बसतो. म्हणून तिथे 235 चं प्रमाण वाढवलेलं, म्हणजे समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. ड्यूटेरियमकडे आधीच एक न्यूट्रॉन आहे, दुसरा तो क्वचितच घेतो, त्यामुळे निसर्गातलं युरेनियम, ज्यात 235 फक्त 0.7 टक्के असतं, तेसुद्धा चालतं. आपल्याकडे समृद्ध युरेनियमची चणचण होती म्हणून देशाने हा रस्ता धरला आणि जड पाण्याचे कारखाने उभे केले, त्यातला एक आपल्या अलिबागजवळ थळला आहे, खत कारखान्याला लागून.

पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. जड पाण्यातल्या एखाद्या ड्यूटेरियमने न्यूट्रॉन घेतला की झालं ट्रिटियम, वस्तुमानांक 3, अणुअंक अजून 1, म्हणजे अजूनही हायड्रोजनच. ट्रिटियम मात्र टिकत नाही. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, सुमारे 12.3 वर्षांत निम्मं ट्रिटियम असं संपतं. आता उरलेल्या केंद्रकाचे आकडे मांडा, दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. वस्तुमानांक होता तोच, 3, पण अणुअंक 1 चा 2 झाला, आणि तो हायड्रोजन राहिला नाही, हेलियम झाला.