लहान ट्रेलरमधला दीर्घ मुक्काम: पाणी, वाफ आणि वीज

श्रोतेहो, नमस्कार.

ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कोलोरॅडो नदीपासून थोड्या अंतरावर, क्वार्ट्‌झसाइट नावाचे एक छोटेसे गाव आहे. उन्हाळ्यात तिथे उन्हाशिवाय फारसे काही नसते. मात्र थंडी सुरू झाली की मिनेसोटा, मिशिगन, ओरेगन आणि थेट कॅनडापासून माणसे आपापली चाकांवरची घरे ओढत तिथे येतात आणि गावाबाहेरच्या सरकारी वाळवंटात मुक्काम ठोकतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याने तिथे दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आखून दिलेली आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या सात महिन्यांचा परवाना गेली अनेक वर्षे 180 डॉलरला मिळत आलेला आहे. या वस्तीत बसएवढी अवजड वाहने असतात, तशीच तेरा, सोळा, सतरा फुटांची चिमुकली ट्रेलर घरेही असतात. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि हिवाळाभर अशा एखाद्या लहान ट्रेलरमध्ये राहावे असा विचार त्यांच्या मनात घोळतो आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

इतक्या कमी जागेत दोघांनी महिनोन्‌महिने राहायचे कसे, हा प्रश्न सगळे प्रथम विचारतात. आम्ही दोघे असे राहिलो आहोत आणि माझे मत असे झाले आहे की जागेची अडचण आठवडाभरात अंगवळणी पडते. त्यानंतर जो त्रास सुरू होतो तो ओलीचा असतो. गादीच्या खालची बाजू दमट लागते, खिडकीच्या काचांवरून सकाळी पाण्याचे ओघळ उतरतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. राहणाऱ्याला वाटते की ट्रेलर गळतो आहे. पुष्कळदा तो गळत नसतो. ते पाणी आपणच आत सोडलेले असते.

याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा. सोळा फुटी ट्रेलरच्या आत साधारण पंधरा-सोळा घनमीटर हवा असते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ मावते, म्हणजे संपूर्ण ट्रेलरमधली हवा मिळून पाव लिटरच्या आसपासच पाणी धरून ठेवू शकते. दोन माणसे रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. त्यात स्वयंपाक आणि ओले टॉवेल यांची भर पडते. शिवाय जळणारा गॅस स्वतःच पाणी तयार करतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. वीस पौंडांच्या एका सिलिंडरमध्ये नऊ किलो गॅस असतो. तो सगळा ट्रेलरच्या आत जाळला तर जवळजवळ पंधरा लिटर पाणी आपण आपल्या गादीत, पडद्यांत आणि भिंतींत मुरवलेले असते.

म्हणून शेगडी पेटवून किंवा धुराडे नसलेला छोटा गॅस हीटर लावून ट्रेलर उबदार करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्यात ओल आहेच, पण त्याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. ट्रेलरमध्ये मुळात बसवलेली भट्टी मात्र वेगळी असते. तिच्यातली ज्योत बंद कप्प्यात जळते, ज्वलनाची हवा आणि वाफ भिंतीतून बाहेर जाते आणि आत फक्त कोरडी उष्ण हवा येते. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक आणि गॅसगळतीचा सूचक असे दोन्ही चालू स्थितीत आहेत ना, हे दर मुक्कामी तपासावे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून गळतीचा सूचक खाली, पायाशी बसवलेला असतो. त्याच्यापुढे सामान रचून ठेवू नये.

ओलीवरचा उपाय स्वस्त आहे, फक्त तो मनाला पटत नाही. बाहेर थंडगार पाऊस पडत असताना छताची झडप दोन बोटे उघडी ठेवा आणि समोरच्या टोकाची एखादी खिडकी किलकिली करा, असे सांगितले की लोक चमकतात. पण शून्य अंशाच्या हवेत, ती कितीही दमट असली तरी, घनमीटरमागे पाच ग्रॅमांहून कमी वाफ असते. तीच हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की चांगली कोरडी होते. छताचा पंखा हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने मंद गतीने चालू ठेवला तर आतली दमट हवा वरून निघून जाते आणि खालून कोरडी हवा येत राहते. थोडी ऊब वाया जाते हे खरे, ती जाऊ द्यावी. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा जाळीदार थर घालून हवा खेळती ठेवावी आणि आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र भिंतीवर लावावे. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर झोप चांगली लागते आणि सांधेही कमी कुरकुरतात.

ट्रेलर निवडतानाही हाच विचार करावा. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या ट्रेलरला कडेला आणि छताला अनेक सांधे असतात आणि त्यांतून कधी ना कधी पाणी झिरपतेच. 1968 साली कॅनडातल्या विनिपेग शहरात बोलर नावाचा लहान ट्रेलर तयार झाला. त्याची काया फायबरग्लासच्या दोन अर्धुकांची, नारळाच्या करवंट्या जोडाव्यात तशी, एकच मोठा सांधा असलेली होती. मिनेसोटातल्या बॅकस गावचा स्कॅम्प आणि टेक्ससमधला कॅसिटा हे त्याच पद्धतीचे ट्रेलर आहेत. जुना असला तरी असा ट्रेलर दीर्घ मुक्कामासाठी मला अधिक भरवशाचा वाटतो. आणखी एक आग्रह मी धरीन. रोज रात्री जेवणाचे टेबल मोडून त्याचा पलंग करायचा आणि सकाळी पुन्हा टेबल मांडायचे, हे आठ दिवस गंमतीचे वाटते. तीन महिने ते कोणाच्याही पाठीला आणि स्वभावाला मानवत नाही. पलंग कायमचा मांडलेला असावा आणि दोघांना बसायला दोन वेगळ्या जागा असाव्यात.

आता आपल्या स्वयंपाकाविषयी, कारण त्याविषयी इथल्या अमेरिकन शेजाऱ्यांकडून काही शिकता येत नाही. मोहरी-हिंगाची फोडणी ट्रेलरच्या आत दिली तर तिचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो आणि तेलकट धूर छताच्या अस्तरावर बसतो. फोडणी, तळण आणि मासे हे सगळे बाहेर, छोट्या शेगडीवर, ट्रेलरला लावलेल्या कापडी छपराच्या आडोशाला करावे. लहान प्रेशर कुकर मात्र अवश्य बरोबर घ्यावा. भात आणि डाळ एकदम होतात, गॅस कमी लागतो आणि उघड्या पातेल्याच्या तुलनेत वाफही पुष्कळ कमी सुटते. उंचावरच्या मुक्कामात तर त्याच्याशिवाय डाळ शिजतच नाही म्हटले तरी चालेल, कारण आठ हजार फुटांवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळते. खरकट्याचे तेल आणि डाळीचे पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाऊ देऊ नये. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत, नाहीतर चार दिवसांत मोरीतून असह्य दुर्गंधी येते.

पाण्याच्या बाबतीत आपल्या जुन्या सवयी कामाला येतात, आणि हे सांगताना मला मनापासून आनंद होतो. लहान ट्रेलरमधल्या गोड्या पाण्याच्या टाकीत बारा ते पंचवीस गॅलन, म्हणजे सुमारे पंचेचाळीस ते पंचाण्णव लिटर पाणी मावते. शॉवरखाली दोघांची आंघोळ झाली की त्यातला मोठा वाटा संपतो. बादली आणि तांब्या घेऊन बसले तर सहा-सात लिटरांत स्वच्छ आंघोळ होते. शौचानंतर पाणी वापरण्याची आपली पद्धतही इथे सोयीची ठरते. कागद कमी वापरला जातो आणि मैल्याच्या टाकीत मैला सुकून ढीग होण्याऐवजी पातळ राहतो, त्यामुळे ती रिकामी करताना अडत नाही. टाकी लवकर भरते हे मान्य करावे लागेल. ती दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडावी आणि तिच्या पाठोपाठ साबणाचे सांडपाणी सोडावे, म्हणजे नळी धुऊन निघते. या टाकीच्या नळीची झडप सतत उघडी ठेवण्याची चूक नवखे लोक करतात. पाणी निघून जाते आणि घट्ट भाग आत साठून बसतो.

विजेचे गणित याच सगळ्याशी बांधलेले आहे. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी साधारण बाराशे वॅट-तास वीज देते. बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज दिवसाला त्यातला निम्मा भाग खातो. पंखा आणि दिवे थोडेच घेतात. गॅसने वाफ होते म्हणून इंडक्शन शेगडी वापरावी असे वाटेल, पण पंधराशे वॅटची शेगडी अर्धा तास चालवली की साडेसातशे वॅट-तास गेले. म्हणून जिथे विजेची जोडणी मिळते अशा तळावर इंडक्शन वापरावी, वाळवंटात गॅसवर आणि बाहेर रांधावे. पाणी गोठण्याइतक्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करू नये. तिचे कायमचे नुकसान होते. वातानुकूलन यंत्र एवढ्या बॅटरीवर चालवण्याच्या भरीस पडू नये. वाळवंटातली अनुभवी माणसे उन्हाळ्यात डोंगर चढतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि फ्लॅगस्टाफ हे ॲरिझोनातलेच गाव एकवीसशे मीटरवर आहे. तिथल्या जंगलखात्याच्या जमिनीवर सहसा एका जागी चौदा दिवस राहू देतात, मग जागा बदलायची.

ओढण्याविषयी एवढेच सांगतो की सामान भरल्यावर महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर ट्रेलर एकदा तोलून घ्या. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या जोडावर आला पाहिजे. मागच्या टोकाला जड सामान भरले तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोले खाऊ लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो.

वयस्क श्रोत्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा आजीव पास मिळतो आणि त्यावर केंद्र सरकारच्या अनेक मुक्कामाच्या तळांचे शुल्क निम्मे होते. दुसरी गोष्ट वैद्यकीय विम्याची. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देशभर, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी विमा कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या पुष्कळ योजना मात्र ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या बांधलेल्या असतात आणि दूरच्या राज्यात तातडीच्या उपचारांपलीकडे त्यांचा उपयोग मर्यादित असतो. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहायचे ठरवण्याआधी आपली योजना कोणती आहे, हे कागद काढून वाचा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिजच्या तापमानावर स्वतंत्र तापमापक ठेवावा, कारण ट्रेलर उन्हात उभा असताना फ्रिज बंद पडला तर ते लवकर कळत नाही.

ट्रेलर विकत घेण्याची घाई करू नका. ज्या लांबीचा घ्यायचा आहे, त्याच लांबीचा ट्रेलर आठवडाभर भाड्याने घ्या आणि तोही नोव्हेंबरच्या पावसाळी, गार दिवसांत, घराजवळच्या एखाद्या स्टेट पार्कमध्ये. आत रोजचा वरणभात करा, बादलीत आंघोळ करा, कपडे कुठे वाळतात ते पाहा आणि रोज सकाळी उठल्याबरोबर गादीची खालची बाजू हात लावून तपासा. झडप उघडी ठेवून झोपलेली रात्र आणि बंद ठेवून झोपलेली रात्र, या दोन्हींचे आर्द्रतेचे आकडे लिहून ठेवा. ते आकडे हाती असतील तर विक्रेत्याला काय विचारायचे हे आपोआप ठरेल. नमस्कार.