पनिशरला नायक व्हायचं असतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन कॉमिक्समधला नायक खलनायकाला बडव बडव बडवतो, पण त्याचा जीव घेत नाही. आज बोलू या ही अट साफ धुडकावणाऱ्या फ्रँक कॅसलबद्दल, म्हणजेच पनिशरबद्दल. १९७४ साली तो पहिल्यांदा आला, तोही जॅकल नावाच्या खलनायकाच्या नादी लागून स्पायडरमॅनच्या जिवावर उठलेला. छातीवर भलीमोठी पांढरी कवटी. मूळचा हा सैनिक. गुंडांच्या गोळीबारात बायको आणि मुलं गेली, आणि तेव्हापासून दिसेल त्या गुन्हेगाराला उडवायचं, एवढंच त्याचं काम.

असा माणूस सज्जनांच्या पंगतीला बसला तर? 'सिव्हिल वॉर' या मालिकेत तो बसतो. सुपरहिरोंनी सरकारदरबारी नोंदणी करावी या कायद्यावरून तिथे दोन तट पडलेले आहेत. कायद्याच्या विरोधात उभा आहे कॅप्टन अमेरिका, दुसऱ्या महायुद्धात लढलेला आदर्श नायक. जखमी स्पायडरमॅनला हातांवर उचलून कॅसल त्याच्या भूमिगत गटात येऊन दाखल होतो. सुरुवात तर झकास! तेवढ्यात दोन किरकोळ खलनायक मदत करायला म्हणून येतात. कॅसल बंदूक काढतो आणि भर बैठकीत दोघांना गोळ्या घालतो.

कॅप्टन भडकतो, त्याला ठोसे लगावत सुटतो. आणि कॅसल हात उगारतच नाही. मार खातो, पडतो, पण उलटून एक फटका नाही. माझ्या मते आख्ख्या मालिकेतलं हे सर्वांत बोलकं पान आहे. ज्याला कुणाचीच भीती नाही तो इथे का थांबतो? स्पायडरमॅनला वाटतं, कॅप्टनला आदर्श मानूनच हा व्हिएतनामला गेला असणार. दोघं एकाच मुशीतले, युद्धं तेवढी वेगळी. कॅप्टनला ही तुलना अजिबात सोसत नाही.

पुढे २००७ मध्ये कॅप्टन मारला जातो, तेव्हा हा गडी कॅप्टनच्या रंगांचा पोशाख चढवून बाहेर पडतो. कवटी मात्र छातीवर तशीच! पोशाख बदलला, हात तेच.

गंमत म्हणजे, आपल्याला काय जमत नाही हे त्याला नेमकं ठाऊक असतं. डेडपूलचं, म्हणजे कॉमिक्समधल्या त्या वाचाळ भाडोत्री मारेकऱ्याचं, तसं नाही. त्याला नायकांच्या संघात मिरवायचं असतं आणि लोक आपल्याला टाळतात याचंच त्याला नवल वाटतं. म्हणून डेडपूलवर हसू येतं, कॅसलवर येत नाही.

२०१९ च्या एका अंकात दोन पोलीस कॅसलला भेटतात. दोघंही त्याचे चाहते, गाडीवर त्याच्याच कवटीचं स्टिकर. तो ते टराटरा फाडतो आणि त्यांना सुनावतो, की तुम्ही लोकांच्या रक्षणाची शपथ घेतली आहे, आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाला माना. वर बजावतो, की माझ्यासारखं काही करायला गेलात, तर पुढचा नंबर तुमचा.

नमस्कार.