नामंजूर अर्जांतली माणसं

(पडद्यावर : घड्या पडलेला पिवळट कागद. कॅमेरा सावकाश खाली, आकड्यापर्यंत.)

७ जुलै १८३८. अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, एक छोटासा कायदा. देशासाठी नव्हे, फक्त एका कुटुंबासाठी केलेला. क्रांतियुद्धातल्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या, दिवंगत सैनिक डेबोरा गॅनेट यांच्या वारसांना सरकारी खजिन्यातून पैसे द्यावेत, एवढंच त्यात म्हटलंय. हिशोब करून रक्कम निघाली ४६६ डॉलर ६६ सेंट.

आता हा आकडा जरा फोडून बघू. क्रांतियुद्धात साध्या शिपायाचा पगार होता महिन्याला सहा पूर्णांक दोन तृतीयांश डॉलर. म्हणजे वर्षाचे ८०. आणि ४६६ डॉलर ६६ सेंट म्हणजे अशा पाच वर्षं दहा महिन्यांचे पैसे. मोजणी सुरू होते ४ मार्च १८३१ पासून, कारण १८३२ च्या पेन्शन कायद्याने सगळ्यांचाच हिशोब त्या तारखेपासून धरला होता. आणि थांबते जानेवारी १८३७ मध्ये, कारण त्या महिन्यात डेबोराचा नवरा बेंजामिन गॅनेट वारला. सैनिकाचा हुद्दा, लागू केलेला कायदा आणि एका म्हाताऱ्याच्या मृत्यूचा महिना, हे सगळं एका रकमेत मावलंय. जुन्या सैनिकांचे वारस शोधणारी माणसं असे आकडे घेऊनच बसतात.

हो, नवरा. सैनिक बायको होती.

डेबोरा सॅम्प्सन मॅसॅच्युसेट्सची. पुरुषी वेश करून, रॉबर्ट शर्टलिफ या नावाने ती सैन्यात शिरली. न्यूयॉर्कमधल्या टॅरीटाउनजवळच्या चकमकीत जखमी झाली. ऑक्टोबर १७८३ मध्ये सेवामुक्त झाली, १७८५ मध्ये तिने शॅरन गावच्या बेंजामिनशी लग्न केलं, तीन मुलं झाली. आणि मग सुरू झाली अर्जांची मालिका. १७९२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडे थकलेल्या पगारासाठी अर्ज. तो मंजूर झाला, ३४ पौंड व्याजासह मिळाले, ठरावावर गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांची सही आहे. पुढे पॉल रिव्हिअर या त्या काळच्या नामांकित गृहस्थाने १८०४ मध्ये काँग्रेस सदस्य विल्यम युस्टिस यांना तिच्यासाठी पत्र लिहिलं. दुसऱ्या वर्षी महिना चार डॉलरची पेन्शन सुरू झाली, १८१८ च्या कायद्यानंतर ती आठ डॉलरवर गेली.

मात्र तिचे कागद शेजारी शेजारी ठेवले की गंमत होते. १७९२ च्या ठरावात तिच्या भरतीची तारीख आहे २० मे १७८२. आणि १८१८ मध्ये शपथेवर दिलेल्या जबानीत ती सांगते, एप्रिल १७८१ मध्ये भरती झाले, लॉर्ड कॉर्नवॉलिस पकडला गेला तेव्हा मी तिथे होते. कॉर्नवॉलिस या ब्रिटिश सेनापतीने यॉर्कटाउनला शस्त्रं ठेवली ती १९ ऑक्टोबर १७८१ ला. दोन्ही तारखा एकदम खऱ्या असू शकत नाहीत. तिला खोटारडी ठरवायची घाई नको. जबानी घटनेनंतर पस्तीसहून जास्त वर्षांनी दिलेली आहे, आणि कॉर्नवॉलिसचं नाव घेतलं की अर्ज वजनदार होतो हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण वंशावळ लिहिणाऱ्याने फक्त दुसरा कागद पाहिला असेल, तर चूक पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते.

१८२७ मध्ये डेबोरा गेली. बेंजामिन म्हातारा, गरीब. त्याने पेन्शन मागितली, सैनिकाचा जोडीदार म्हणून. त्या वेळचा कायदा, १८३६ चा, म्हणत होता की पेन्शन विधवेला मिळेल, आणि तीही लग्न सैनिकाची नोकरी संपायच्या आत झालं असेल तर. बेंजामिन विधवा नव्हता आणि त्याचं लग्न युद्ध संपल्यावरचं. दोन्ही अटींवर नापास! काँग्रेसच्या समितीने मात्र मन मोठं केलं. असं दुसरं उदाहरण पुढे कधी येणारच नाही, तेव्हा मदत द्यायला हरकत नाही, असा शेरा तिने मारला. कायदा होईपर्यंत बेंजामिन उरला नाही. म्हणून कागदावर ‘वारस’ हा शब्द आला, आणि म्हणून आज आपल्याला ते वारस सापडतात.

(पडद्यावर : वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत.)

या साऱ्या शोधाच्या मुळाशी एक आग आहे. ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री युद्ध खात्याचं कार्यालय जळालं. सुरुवातीचे पेन्शनचे आणि इनामी जमिनीचे अर्ज राख झाले. १७७६ मध्येच अपंग सैनिकांना अर्धा पगार देण्याचा ठराव झाला होता, म्हणजे चोवीस वर्षांचं दप्तर गेलं. वाचलं ते एवढ्यासाठी की १७९२, १७९४ आणि १७९५ मध्ये युद्धमंत्र्यांनी अर्जदारांच्या याद्या काँग्रेसला पाठवल्या होत्या. त्यांच्या नकला दुसऱ्या इमारतीत होत्या. त्यानंतर काँग्रेसकडे गेलेले अर्ज हा नुसता जोडपुरावा राहत नाही, कित्येक सैनिकांच्या बाबतीत तोच एकमेव पुरावा ठरतो.

काँग्रेसकडे अर्ज म्हणजे काय? सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीतच लिहिलेला आहे. अर्जदार आपल्या भागाच्या सदस्याला गाठायचा. सदस्य सभागृहात अर्ज मांडायचा, तो समितीकडे जायचा, समिती युद्ध खात्याकडून नोंदी मागवायची, अहवाल यायचा. कागदाची घडी घालून पाठीवर कारकून लिहायचा : नाव, तारीख, कोणत्या समितीकडे, काय झालं. शोधणाऱ्याला आधी ही पाठ बघावी लागते, मजकूर नंतर. १७८९ पासूनच्या पहिल्या एकतीस काँग्रेसांपुढे (दोन-दोन वर्षांची एक मुदत म्हणजे एक काँग्रेस) आलेल्या खासगी दाव्यांची एक वर्णानुक्रमे यादीही छापलेली आहे. नाव, मागणी, समिती, निकाल, सगळं एका ओळीत. तिथून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं.

एक खोच मात्र आहे. निकालाच्या रकान्यात पुष्कळदा दिसतं, ‘अर्ज मागे घेण्यास परवानगी’. ऐकायला सौम्य, अर्थ नकार. आणि परवानगी मिळाली की अर्जदार आपले कागद खरोखर परत नेऊ शकायचा! मग यादीत नाव आहे, गठ्ठ्यात कागद नाही. अशा वेळी तेच कागद पेन्शन कार्यालयाच्या फाइलमध्ये शोधावे लागतात, कारण माणसं एका दारातून हाकलली की दुसऱ्या दारात जातात.

पेन्शन आणि इनामी जमिनीच्या या फाइली आहेत सुमारे ८० हजार. मूळ फाइलीवर अक्षर असतं. एस म्हणजे हयात सैनिक, डब्ल्यू म्हणजे विधवा, आर म्हणजे नामंजूर. नवखा माणूस आर दिसलं की पुढे जातो. मला विचाराल तर पहिली उघडायची ती हीच. ज्याला सहज पैसे मिळाले त्याची फाइल बरेचदा दोन-चार पानांची. ज्याला नाही म्हटलं त्याने शेजाऱ्यांच्या साक्षी आणल्या, पाद्र्याचा दाखला आणला, कोर्टात पुन्हा जबानी दिली.

आणि सरकारनेही माणसांना बोलायला भाग पाडलं. १८१८ चा कायदा फक्त गरजू सैनिकांसाठी होता. अर्ज एवढे आले की १८२० मध्ये सरकारने फर्मान काढलं : मालमत्तेची शपथेवर यादी द्या. मेन राज्यातला जोसेफ प्लम्ब मार्टिन हा जुना शिपाई यादी देतो : अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गायी, सहा मेंढ्या, एक डुक्कर. बायको आजारी, पाच मुलं. गरिबीच्या तपासणीसाठी मागवलेली ही यादी आज कुटुंबाची जनगणना म्हणून वाचली जाते. त्या काळच्या अधिकृत जनगणनेत घरच्या कर्त्याचंच नाव असे, बाकीची माणसं नुसते आकडे. बायकोमुलांची नावं तिथे १८५० पर्यंत येतच नाहीत.

विधवांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. १८३६ चा कायदा तुम्ही ऐकलाच. १८३८ मध्ये मुदत सरकून १७९४ पूर्वीच्या लग्नांपर्यंत आली, १८४८ मध्ये १८०० पर्यंत, १८५३ मध्ये लग्नाच्या तारखेची अटच गेली. प्रत्येक कायद्यासरशी त्याच बाया पुन्हा अर्ज करत. लग्नाचा दाखला नसेल तर घरच्या बायबलचं पान फाडून जोडत, ज्यावर लग्न आणि मुलांचे जन्म लिहिलेले असत. ती पानं आजही फाइलींत आहेत.

(पडद्यावर : यॉर्कटाउनची मैदानं. आवाज थोडा सावकाश.)

सारा ऑसबोर्न नावाच्या बाईची जबानी १८३७ ची आहे. वय ८१. नवरा ॲरन ऑसबोर्न सैन्यात होता हे तिला सिद्ध करायचंय. ती सांगते, मीही त्याच्याबरोबर होते, खंदकातल्या माणसांना गोमांस, भाकरी आणि कॉफी नेत होते. वाटेत वॉशिंग्टन भेटले. तोफगोळ्यांची भीती वाटत नाही का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं, हे चालणार नाही. मग ती ब्रिटिश फौज शस्त्रं ठेवायला बाहेर पडताना पाहते : उदास सूर, ढोलांवर काळे रुमाल, बासऱ्यांना काळ्या फिती. नवऱ्याच्या पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यायचा नसता, तर हे रुमाल कोणी लिहून ठेवले असते का, कोण जाणे. शरण आलेला हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेबरोबर श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध उभा राहिला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो असा भेटतो.

आता पैसे वाटण्याचं दप्तर. पेन्शन वर्षातून दोनदा मिळे, मार्च आणि सप्टेंबरच्या चार तारखेला. आपल्याकडे पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात ना, तसं तिथेही आपण तोच माणूस आहोत हे दरवेळी शपथेवर सांगावं लागे. सैनिक दोन हप्त्यांच्या मध्ये वारला तर मधल्या दिवसांचे पैसे विधवा किंवा मुलं येऊन मागत. कोर्ट लिहून देई : अमुक तारखेला मृत्यू, मागे ही ही मुलं. या शेवटच्या पावत्या वारसांचा सगळ्यांत नेमका पुरावा आहेत, आणि पेन्शनच्या फाइलीत त्या नसतात. त्या खजिन्याच्या कागदांत वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अर्धे शोधकर्ते तिथवर पोचत नाहीत.

जमिनीच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं लागतं. शिपायाला १०० एकर, कर्नलला ५०० अशी कबुली होती. पण ओहायोची जमीन दूर आणि पोटाची भूक जवळ. बहुतेकांनी तो हक्काचा कागद दलालाला मिळेल त्या किमतीत विकला. त्यामुळे जमिनीच्या नोंदीवरचं नाव सैनिकाचं असेल असं धरून चालता येत नाही, वारसाचं तर नाहीच.

अधिकाऱ्यांच्या घरच्यांचे अर्ज वेगळ्या थाटाचे. तिथे वकील आहेत, ओळखी आहेत. अलेक्झांडर हॅमिल्टनने स्वतः सोडून दिलेला अर्ध्या पगाराचा हक्क त्याच्या विधवेने, एलिझाबेथने, काँग्रेसकडे मागितला आणि १८१६ मध्ये खास कायद्याने तिला पैसे मिळाले. जेहू ग्रँटकडे यातलं काही नव्हतं.

ऱ्होड आयलंडमधला हा कृष्णवर्णीय गुलाम १७७७ मध्ये मालकाकडून पळाला आणि अमेरिकी फौजेत गाडीवान झाला. जवळपास दहा महिने काम केलं. मग मालकाने माग काढून परत नेलं. १८३२ चा कायदा आला तेव्हा त्याने अर्ज केला. उत्तर आलं, तू तेव्हा पळालेला गुलाम होतास, ती सेवा धरता येत नाही. १८३६ मध्ये त्याने पुन्हा लिहून घेतलं : चहूकडे स्वातंत्र्याचे खांब उभे राहिलेले, सगळी माणसं स्वातंत्र्यासाठी झटताना पाहिली, मलाही ते आवडल्यावाचून राहिलं नाही. पेन्शन मिळाली नाही. पण त्याच्याबद्दल जे काही कळतं ते या नामंजूर फाइलीमुळेच. त्याच्यासारख्या इतरांनी अर्जच केले नाहीत, त्यांचे वंशज आजही कागदाच्या बाहेर आहेत.

या युद्धाच्या पेन्शनवर जगलेली शेवटची विधवा, व्हरमाँटची एस्थर डेमन, १९०६ मध्ये वारली. नवऱ्याचं वय लग्नाच्या वेळी सत्तरीच्या पुढे होतं, तिचं जेमतेम एकवीस. पेन्शन घेणारी शेवटची मुलगी १९११ पर्यंत होती, युद्ध संपून १२८ वर्षं झाल्यावर.

२०२३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्वयंसेवक या फाइलींचं हस्ताक्षर वाचून टंकलिखित करताहेत. घरबसल्या कोणालाही हातभार लावता येतो. सुरुवात करणार असाल तर एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. शर्टलिफ हे एकच आडनाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं लिहिलेलं सापडतं, आणि ते लिहिणारा कारकूनही दरवेळी वेगळा असायचा.