रेषा सपाट, चेंडू वळलेला

[दृश्य: डर्बनच्या किंग्जमीड मैदानाचं जुनं चित्रीकरण]

नोव्हेंबर १९९२. एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर ११ धावांवर खेळतोय. धाव घ्यायला निघतो, थबकतो, मागे फिरतो. जाँटी ऱ्होड्सची फेक येते, बेल्स उडतात. पंच सिरिल मिचली स्वतः निर्णय देत नाहीत. प्रश्न जातो टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे. उत्तर येतं : बाद. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज नेमका आपला वांद्र्याचा निघाला!

धावचीतचं काम तसं सोपं. रेघ आखलेलीच असते. बॅट आत की बाहेर, एवढंच पाहायचं. त्यावरून आता फारसं कुणी भांडत नाही.

[दृश्य: सिडनी, जानेवारी २००८]

ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स ३० वर असताना बॅटची कड लागली, झेल धोनीने घेतला, पंचांनी नाबाद दिलं. सायमंड्सने नाबाद १६२ केल्या. आपण सामना हरलो आणि देशभर संताप उसळला. गंमत बघा, त्याच वर्षी रिव्ह्यूची, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान देऊन तो रिप्लेवर तपासून घेण्याच्या सोयीची, चाचणी भारताच्याच श्रीलंका दौऱ्यात झाली, ती आपल्याला पचली नाही, आणि पुढची कित्येक वर्षं सर्वांत जास्त नाकं मुरडली ती आपणच. द्विपक्षीय कसोटी मालिकेत भारताने डीआरएस, म्हणजे ही रिव्ह्यूची पद्धत, पायचीतसकट पुन्हा स्वीकारली ती थेट २०१६ मध्ये, राजकोटला.

[दृश्य: पडद्यावर चेंडूचा मार्ग, तीन यष्ट्या]

खरी मारामारी पायचीतची. चेंडू पॅडवर आदळतो, तिथवरचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपलेला. त्यापुढचा मात्र संगणकाचा अंदाज. म्हणून नियम असा की नाबादचं बाद करायचं, तर निदान अर्धा चेंडू यष्टीवर आदळताना दिसला पाहिजे. चेंडू यष्टीला लागतोय, पण त्याहून कमी, तर पंचाचा मूळ निर्णय कायम. म्हणजे तोच चेंडू, तेच चित्र. बोट वर गेलं असेल तर बाद, नसेल तर नाबाद! घरोघरी सोफ्यावर बसून शिव्या खाणारा हाच तो ‘अंपायर्स कॉल’. मला विचाराल, तर नियम प्रामाणिक आहे. अंदाजाला अंदाज म्हणायचं धाडस त्यात आहे.

[दृश्य: हेडिंग्ले, ऑगस्ट २०१९]

इंग्लंडला २ धावा हव्यात, शेवटची जोडी मैदानात. नेथन लायनचा चेंडू बेन स्टोक्सच्या पॅडवर. नाबाद! रिप्लेत चेंडू यष्ट्यांवर. पण ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू आधीच्याच षटकात उधळला होता, तोही लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या, म्हणजे पायचीत देताच न येणाऱ्या चेंडूवर. चूक जगाला दिसली, सुधारता कुणालाच आली नाही.

[दृश्य: मेलबर्न, ३० डिसेंबर २०२४]

यशस्वी जयस्वाल ८४ वर. कमिन्सचा उसळता चेंडू लेगला, यष्टिरक्षकाच्या हातात. मैदानावरचा निर्णय नाबाद. रिव्ह्यू. स्निकोची, म्हणजे चेंडू लागल्याचा आवाज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, रेषा सपाट, एक उंचवटा नाही. पण ग्लव्हजजवळ चेंडूची दिशा बदललेली उघड दिसते. तिसरे पंच शरफुद्दौला डोळ्यांवर विश्वास ठेवतात : बाद.

समालोचन कक्षात सुनील गावसकर खवळले : यंत्राचं ऐकायचं नसेल, तर ते ठेवायचं कशाला? सामना संपल्यावर कर्णधार रोहित शर्मा म्हणाला, नुसत्या डोळ्यांना तरी चेंडू लागल्यासारखा वाटला.

दोघंही मुंबईचे. रिप्लेही एकच.